वोल्फ मेसिंग : मनकवडा की कसबी कलावंत?

प्रश्न : सोव्हिएत संघातील वोल्फ मेसिंग लोकांच्या मनातले ओळखत असे आणि आइन्स्टाइन, फ्रॉइड, एवढेच नव्हे तर गांधीजींनीही त्याची पारख केली होती, असे ऐकले. यात तथ्य किती?

उत्तर : मेसिंग (१८९९–१९७४) पोलंडमध्ये जन्मला, १९३९च्या जर्मन आक्रमणानंतर सोव्हिएत हद्दीत आला आणि पुढे अनेक वर्षे त्याने रंगमंच गाजवला, इतके निर्विवाद आहे. थोरामोठ्यांच्या भेटींचा उगम मात्र १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्याच आठवणींत सापडतो. १९१५मध्ये व्हिएन्नातील आइन्स्टाइन यांच्या घरी फ्रॉइड यांनी मनातल्या मनात दिलेली आज्ञा ओळखून आपण चिमट्याने यजमानांच्या मिशीचे तीन केस उपटले, असे तो सांगतो. पण त्या वर्षी आइन्स्टाइन बर्लिनला राहत होते! गांधीजींच्या १९२७मधील कथित भेटीलाही त्याच्या शब्दापलीकडे आधार मिळत नाही.

त्याचे कसब मात्र खरे होते. प्रेक्षकाने लपवलेल्या वस्तूचा विचार करायचा आणि मेसिंगने त्याचे मनगट धरून रांगांमधून झपझप चालायचे. पाऊल चुकीच्या दिशेला पडले की त्या माणसाचा हात नकळत किंचित ताठरतो, योग्य दिशेला वळले की सैलावतो, आणि हा फरक सरावलेल्या बोटांना कळतो. स्नायूंच्या अशा नकळत होणाऱ्या हालचालींचा उल्लेख मेसिंग स्वतःही करीत असे. चाहत्यांनी नेमके तेवढेच विसरायचे ठरवले.