नीप्स अँड टॅटीज स्वीडऐवजी सलगम वापरून करता येतील का? फोडणी दिली तर चालेल का?

सलगमचं शेवटी सांगते. फोडणीचं आधी: नाही चालणार.

मी स्कॉटलंडमध्ये अ‍ॅबर्डीनला राहते. इथला नीप म्हणजे स्वीड, सलगमसारखाच एक कंद, बाहेरून जांभळट, आतून पिवळा आणि कापताना मनगटाची परीक्षा बघणारा. तो आणि बटाटा (टॅटी) वेगवेगळे उकडून, कुस्करून हॅगिसशेजारी, म्हणजे मेंढीचं काळीज-फुप्फुस आणि ओट घालून केलेल्या पदार्थाशेजारी, दोन ढीग वाढायचे. २५ जानेवारीला, कवी रॉबर्ट बर्न्सच्या जयंतीला, ताटात हेच लागतं.

अशाच एका जानेवारीत मोठ्या जाऊबाई आल्या होत्या. मी क्लॅपशॉट केलं होतं. ही ऑर्कनी बेटांवरची पद्धत: स्वीड आणि बटाटा एकत्रच घोटायचे, त्यात लोणी, मिरपूड, चाइव्ह्ज (कांद्याच्या पातीसारखी बारीक पात). जाऊबाईंनी एक घास खाल्ला. "अगं, हे तर आजाऱ्याचं जेवण!" मी ओव्हनकडे वळले तेवढ्यात त्यांनी मोहरी-हिंग-हळदीची चरचरीत फोडणी वर ओतली, लिंबू पिळलं. नवऱ्याने मागून मागून खाल्लं. अजून दिवाळीच्या फोनवर ऐकावं लागतं, "तुझ्या त्या बेचव गोळ्याला चव मी आणली."

आणली कसली, होती ती झाकली. स्वीड मोहरीच्याच कुळातला. त्याला अंगचाच कडसर झणका असतो, शिजला की मागून गोडी येते. त्याच्यावर पुन्हा मोहरी कशाला? बटाट्याची भाजी खायची तर खुशाल करा, मीही खाते, पण तिला क्लॅपशॉट म्हणू नका. एवढंच सपक वाटत असेल तर स्कॉटलंडच्या दक्षिणेकडच्या बॉर्डर्स भागातले रम्बलडेथम्प्स करा. त्यात बटाट्याबरोबर कोबी आणि कांदा असतो, वर चीज घालून ओव्हनमध्ये खरपूस करतात. ते मी जाऊबाईंना मुद्दाम करून घातलं नाही.

हां, सलगम. चालेल, पण कोवळं घ्या, जून कडू निघतं. स्वीडपेक्षा त्याला पाणी फार, म्हणून कुकर नको. उघड्या पातेल्यात शिजवा, निथळा, पातेलं परत मंद आचेवर ठेवून वाफ उडू द्या, मग लोणी घाला. जायफळ अगदी चिमूटभर. पिवळा रंग येणार नाही, त्यासाठी हळद घालाल तर बघा! थोडं गाजर घाला, तेही इथे घालतात.

तिखटाशिवाय घास उतरतच नसेल तर ताटात डावीकडे ठेचा वाढून घ्या. पातेल्यात नाही.