गार गाडी एका सेल्फला, तापली की नुसतं ‘टक्’

प्रश्न : माझी 1998 सालची कार्ब्युरेटरची छोटी पेट्रोल गाडी आहे. सकाळी एका सेल्फला सुरू होते. पण उन्हाळ्यात अक्कलकोटहून दर्शन करून परत निघताना किल्ली फिरवली की नुसता ‘टक्’ आवाज येतो. पाऊण तासाने काहीच झालं नव्हतं अशी सुरू होते. दोनदा चालत्या गाडीत डॅशबोर्डचे दिवे आणि इंडिकेटर क्षणभर गेले, इंजिनानेही आचका दिला. हेडलाइट मात्र चालूच होते. बॅटरी नवी टाकली, फरक नाही. आता सेल्फ बदला म्हणतात. बदलू का?
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : इतक्यात नको. सेल्फ म्हणजे इंजिन फिरवून सुरू करणारी मोटर. ती बिघडली म्हणून चालत्या गाडीत डॅशबोर्ड जात नाही. तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची ओळ हेडलाइटची आहे. जुन्या गाड्यांत हेडलाइट सहसा किल्लीवर अवलंबून नसतात. डॅशबोर्ड, इंडिकेटर आणि प्लगला ठिणगी देणारी इग्निशन कॉइल मात्र किल्लीच्या स्विचमधून जातात. हेडलाइटही गेले असते, तर बॅटरीपासून निघणारी मेन फ्यूज, टर्मिनल, अर्थिंग यांवर पहिला संशय घेतला असता. हेडलाइट राहिले आणि बाकीचं गेलं, म्हणजे संशय किल्लीच्या इग्निशन स्विचवर किंवा त्याच्या मागच्या कपलरवर, म्हणजे वायरी जोडणाऱ्या प्लास्टिकच्या जोडावर. सेल्फला जाणारा हुकूमही याच स्विचमधून जातो, त्यामुळे दोन्ही तक्रारींचं मूळ एकच असण्याची शक्यता बरीच आहे.

मग गार असताना का चालते? सेल्फच्या डोक्यावरचा सोलेनॉइड म्हणजे तांब्याच्या तारेचं वेटोळं; वीज मिळाली की ते आतला दांडा ओढून मोटरला करंट जोडतं. तांबं तापलं की त्याचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, दर अंशाला सुमारे 0.39 टक्के वाढतो. सोलेनॉइड 30 अंशांवरून 110 अंशांवर गेला, तर तीसेक टक्के वाढ झाली, करंट घटला आणि ओढ कमी झाली. इंजिन बंद केल्यावर वारा थांबतो आणि बॉनेटखालची उष्णता काही मिनिटं उलट वाढत जाते. त्यात आपल्याकडचं एप्रिल-मेचं चाळिशीपारचं ऊन. झिजलेल्या स्विचमध्ये दीड-दोन व्होल्ट वाया जात असले, तर गार सोलेनॉइड तेवढ्यावर भागवतो, तापलेला भागवत नाही.

हे तपासायला साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो, पण निर्णायक माप घ्यायचं ते बिघाड चालू असताना. गार गाडी गॅरेजमध्ये नेली तर सगळं ठीकच दिसणार. शिवाय नुसता मीटर लावून ‘12 व्होल्ट येतात’ म्हणणं फसवं आहे. मीटर जवळजवळ करंट ओढतच नाही, त्यामुळे वायरची एक तार शिल्लक असली तरी तो 12 दाखवतो. म्हणून दुसऱ्या माणसाला सेल्फ मारायला सांगून, त्याच क्षणी वाचा. त्याआधी गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, आणि इंजिन सुरू होऊ नये म्हणून कॉइलच्या प्लसची बारीक वायर काढलेली असू द्या.

पहिलं माप बॅटरीच्या दोन शिशाच्या खुंट्यांवर. क्लॅम्पवर नाही, खुंटीवरच. गाडी रात्रभर उभी असेल तर 12.6 च्या आसपास, आणि सेल्फ फिरत असताना साडेनऊच्या खाली जाऊ नये. दुसरं, काळी पिन मायनस खुंटीवर, लाल पिन इंजिनाच्या उघड्या धातूवर. सेल्फ मारताना 0.3 व्होल्टच्या वर आलं तर अर्थिंगची, म्हणजे बॅटरीचा मायनस इंजिनाला जोडणारी, पट्टी कुजली आहे. दोन्ही टोकं पॉलिश पेपरने घासा, नाहीतर पट्टीच नवी टाका. शंभर-दोनशे रुपयांच्या पट्टीपायी सेल्फ बदलले जातात, म्हणून हे टाळू नका. तिसरं, प्लस खुंटीपासून सेल्फच्या जाड वायरच्या बोल्टपर्यंत. इथे 0.5 ही हद्द. ही मापं सेल्फ खरोखर फिरत असतानाच खरी. नुसतं ‘टक्’ होत असेल तेव्हा मोटरचा मोठा करंट वाहत नाही आणि वाईट जोडही चांगला दिसतो.

आता ‘टक्’ होत असतानाचं निर्णायक माप : सोलेनॉइडची बारीक वायर, तिथेच जोडलेली ठेवून. बॅटरीवर 12 आणि इथे 10 किंवा कमी, म्हणजे दोष स्विचमध्ये किंवा वाटेतल्या वायरमध्ये. इथे जवळजवळ पूर्ण व्होल्टेज येऊनही ‘टक्’च होत असेल, तर सोलेनॉइडमधून मोटरकडे जाणारा बोल्ट तपासा. तिथे शून्य आलं तर सोलेनॉइडच्या आतले कॉन्टॅक्ट जळलेत. तिथेही 11-12 आले आणि मोटर ढिम्म, तर मोटरच्या आत वीज पोचवणारे कार्बन झिजलेत, आणि तेव्हाच सेल्फ खोलायचा.

स्विचच निघाला तर त्याचा कपलर काढून बघा. पिवळट, वितळलेलं प्लास्टिक किंवा काळी पडलेली पिन दिसेल. इंजिन चालू ठेवून कपलर हळू हलवल्यावर डॅशबोर्ड लुकलुकला, तर पुरावा हातात आला. बऱ्याच गाड्यांत कुलूप तेच ठेवून मागचा विजेचा भाग वेगळा बदलता येतो. सेल्फच्या वायरवर 30 अँपिअरचा चार पिनांचा रिले (थोड्या करंटवर मोठा करंट जोडणारा स्विच) बसवला तर नव्या स्विचवरचा भार कमी होतो : 30 नंबरला बॅटरीकडून 30 च्या फ्यूजमधून 4 चौरस मिलिमीटरची वायर, 87 वरून सोलेनॉइड, 86 ला किल्लीची जुनी वायर, 85 ला अर्थ. पण स्विच तसाच ठेवून नुसता रिले लावलात तर सेल्फ लागेल आणि डॅशबोर्ड जातच राहील. रस्त्यात इंजिन बंद पडण्याचा धोका तोच आहे.

एक कळकळीची विनंती. डायनॅमो (म्हणजे अल्टरनेटर) चार्ज करतो का हे बघायला चालू गाडीत बॅटरीची वायर काढू देऊ नका. व्होल्टेजची उसळी येऊन डायोड आणि रेग्युलेटर जातात. इंजिन चालू ठेवून खुंट्यांवर मीटर लावा, 13.8 ते 14.5 आलं की झालं.

प्रश्न : गाडी चार-पाच दिवस उभी राहिली की बॅटरी बसते. रोज चालवली तर तक्रार नाही.
— एक वाचक, होटगी रोड

उत्तर : काहीतरी करंट पीत आहे. किल्ली काढा, दारं लावा, मायनस वायर सोडवून खुंटी आणि वायर यांच्यामध्ये मीटर 10 अँपिअरवर लावा. असा लावलेला असताना सेल्फ मारू नका, मीटर जाईल. 50 मिलिअँपिअरपर्यंत चालतं. 300 आले तर दिवसाला 7 अँपिअर-अवर गेले, आणि 35 ची बॅटरी पाच दिवसांत रिकामी. आता एकेक फ्यूज काढा. ज्याच्यासरशी आकडा पडतो, ती लाइन. बाहेरून बसवलेला टेप आधी बघा : त्याची लाल आणि पिवळी वायर एकत्र पिळून कायमच्या प्लसला दिलेली असते. लाल वायर किल्लीच्या लाइनवर घ्या. डिकीचा दिवा विसरू नका. सगळे फ्यूज काढूनही आकडा तसाच राहिला, तर बॅटरी सोडवून डायनॅमोची जाड वायर काढा, टेप लावून वेगळी ठेवा, आणि पुन्हा मोजा. आकडा पडला तर आतला डायोड गळतोय.