पुरानंतर वडिलांची झोप उडाली आहे, पण ते समुपदेशकाकडे यायला तयार नाहीत. काय करावं?

तुम्ही लिहिलंय, दुकान बुडाल्यापासून पाऊस लागला की वडील रात्रभर जागे असतात आणि डॉक्टरचं नाव काढलं की "मी काय वेडा आहे?" म्हणून उठून जातात. आमच्याकडे हेच वाक्य जरा तिखट होतं: "मला रत्नागिरीला धाडताय काय?" प्रादेशिक मनोरुग्णालय रत्नागिरीत, त्यामुळे त्या गावाच्या नावालाच तो अर्थ चिकटलाय.

२२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, त्यात सासऱ्यांचं कापडाचं दुकान गेलं. चिखल उपसला, पंचनामा झाला, दुकान पुन्हा उभं राहिलं. बाबा मात्र पावसात रात्री दोन-दोनदा बॅटरी घेऊन जिना उतरायचे आणि शेवटच्या पायरीला हात लावून ओल बघायचे. आम्ही 'ताण', 'मन', 'समुपदेशन' करून त्यांचं डोकं खाल्लं. दोन पावसाळे त्यातच गेले.

शेवटी उपयोगी पडली ती बीपीची गोळी. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांना मी आधी एकटीच भेटून आले. पुढच्या तपासणीला पट्टा गुंडाळता गुंडाळता त्यांनी विचारलं, "झोप किती तास?" बाबा बोलत सुटले. झोप न लागणं आपल्याकडे चालतं हो, मन बिघडलेलं चालत नाही. डॉक्टरांनी चिठ्ठी मानसोपचारतज्ज्ञांच्याच नावे दिली आणि तसं स्पष्ट सांगितलं. खोटं सांगून नेऊ नका, एकदा फसवलंत की पुन्हा येणार नाहीत.

तरी चिठ्ठी आठवडाभर देवघरात पडून होती. मग मीच १४४१६ला, म्हणजे टेली मानस या सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला, फोन लावला, स्वतःसाठी. पत्र्यावर पाऊस वाजला की माझीही छाती धडधडायची. बाबा बाहेर झोपाळ्यावर ऐकत होते. दोन दिवसांनी हळूच म्हणाले, "त्या बाई पैसे किती घेतात?" (काही घेत नाहीत. मराठीत बोलता येतं, चोवीस तास.) त्याच आठवड्यात चिठ्ठी घेऊन निघाले.

एक मात्र: "आता जगून काय करू" अशी भाषा आली, तर मन वळवत बसू नका. एकटं सोडू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

बाबा अजून सगळ्यांना सांगतात, झोपेच्या डॉक्टरांकडे जातो म्हणून. आम्ही दुरुस्त करत नाही.