रविवारची भाकरी का तडकते?

प्रश्न : सोलापुरातल्या एकाच खानावळीत बुधवारी ज्वारीची भाकरी मऊसूत मिळते, रविवारी रात्री कडा तडकलेली. शेंगाचटणी कधीकधी खवट. वर बिलात १० टक्के सेवाशुल्क! काय करावे?

उत्तर : ज्वारीत ग्लूटेन नसते, पिठाला चिकटपणा येतो तो गरम पाण्याने आणि भाकरीपुरता गोळा लगेच मळल्याने. गर्दीत पीठ आधीच मळून ठेवले की सुकते, थापताना चिरते. जुन्या दळणाचेही तेच. म्हणून चार भाकऱ्या एकदम नकोत, एकेक मागवा.

कुटलेल्या दाण्यांचे तेल हवेने बिघडते, तिखटाने तो खवटपणा झाकला जात नाही. खवट चटणी सरळ बदलून मागा, संकोच नको.

सेवाशुल्क आपोआप लावायला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्येच मनाई केली आहे. काढायला सांगा, नाही ऐकले तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करा. जीएसटी मात्र वेगळा, तो द्यावाच लागतो.