नव्या सेवा केंद्राचा संगणक: आधी एवढेच करा

सेलूला आपण ऑनलाइन अर्जांचे केंद्र सुरू करत आहात, याचा आनंद वाटला. अँटिव्हायरस कोणता घ्यावा हे आपण सर्वांत आधी विचारलेत. माझ्या मते ती घाई नको, कारण विंडोजसोबत येणारा डिफेंडर सुरुवातीला पुरेसा असतो. महत्त्वाचे आहे ते अपडेट. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस विंडोजमधील एका फटीतून जगभर पसरला, तेव्हा ती फट बुजवणारे अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलेले होते. ते न घेतलेल्या असंख्य संगणकांवरील फायली कुलूपबंद झाल्या. विंडोज १० चा नियमित आधार, म्हणजे कंपनीकडून येणारी नेहमीची अपडेट देणे, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, म्हणून जुना संगणक स्वस्तात मिळत असला तरी त्यावर विंडोज ११ चालते का, हे आधी पाहा.

नवीन माणूस हमखास चुकतो तो इथे:

- अपडेट पुढे ढकलत राहणे. रात्री दुकान बंद करताना ते लावा, मात्र यूपीएस असल्याशिवाय नको. आपल्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नाही आणि अर्धवट अपडेटने विंडोज सुरूच न होण्याची भीती असते.
- क्रॅक केलेली, म्हणजे पैसे न भरता चालावीत म्हणून कुलूप तोडलेली सॉफ्टवेअर. फुकटच्या मोहाने पासवर्ड चोरणारा प्रोग्रॅम घरात येतो.
- ग्राहकाचा पेन ड्राइव्ह. सातबाऱ्याच्या फोल्डरऐवजी बाणाचे चिन्ह असलेला शॉर्टकट दिसला, तर तो उघडू नका. आधी स्कॅन करा.

अर्जांची प्रत दर आठवड्याला बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या आणि काम झाले की ती डिस्क काढून ठेवा. फायरवॉलचे, म्हणजे इंटरनेटवरून येणारी-जाणारी माहिती अडवणाऱ्या पहाऱ्याचे, बारकावे तूर्त राहू द्या.