रमीचं कर्ज घरी सांगितलं तर आमच्या दोघींचंही कळेल. काय करू?

वयानं लहान वाटतेस, म्हणून 'तू' म्हणते. रमीत सव्वा लाख गेले, कोल्हापुरात राजारामपुरीत जिच्याबरोबर राहतेस ती घरच्यांच्या लेखी रूममेट आणि खरी तुझी जोडीदार, आणि पैशाचं बोलायला गेलं की तेही बाहेर पडेल, असं तू लिहिलंयस.

माझंही हेच झालं. बघायला पाहुणे येऊन गेले की त्या रात्री मोबाइल हातात. दिवसभर खाली मान घालून पोहे द्यायचे आणि रात्री अशा टेबलावर बसायचं जिथं 'लग्न कधी' विचारणारं कुणी नाही. आधी जिंकले. मग गेलेलं काढायला खेळत राहिले. भिशी लागली, ती दोन रात्रींत गेली. आईनं दिलेल्या पाटल्या गुजरीत गहाण पडल्या. माझ्या 'ती'नं विचारलं तर तिच्यावरच डाफरायचे. शाळेपासून स्वतःला लपवत आले होते, कर्ज लपवायला नवीन काय शिकायचं होतं?

दोन्ही गोष्टी एकाच गाठोड्यात बांधल्या, तिथं मी चुकले. शेवटी रंकाळ्यावर भेळ खाताना भावाला एवढंच सांगितलं, "दादा, रमीत पैसे घालवलेत." चिडला, दोन दिवस बोलला नाही, मग पाटल्या सोडवायला बरोबर आला. कुणाबरोबर राहतेस, हे त्यानं विचारलंसुद्धा नाही. तो विषय मी काढेन तेव्हा काढेन.

जोडीदाराला मात्र आज पूर्ण आकडा सांग. अर्धा सांगितला की उरलेला खेळून भरावासा वाटतो. यूपीआय काही महिने तिच्या हातात दे. ऑगस्ट २०२५ च्या कायद्यानं पैशाचे ऑनलाइन खेळ चालवणाऱ्यांना शिक्षा आहे, खेळणाऱ्याला नाही, त्यामुळं मदत मागायला भिऊ नकोस.

टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर १४४१६ फुकट आहे, मराठीत बोलता येतं. जीव नकोसा वाटला तर रात्रीसुद्धा लाव. समोर बसून बोलायचं तर सीपीआर या कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात मानसोपचार विभाग आहे. मी आधी एका खासगी डॉक्टरकडं गेले होते, 'लग्न केलं की दोन्ही सवयी सुटतील' म्हणाले. मी उठले. जुगाराचं व्यसन हा आजार आहे, बाईवर प्रेम असणं नाही. समलैंगिकता आजार नाही, हे भारतीय मानसोपचार संघटनेनं २०१८ मध्येच जाहीर केलंय. तसा कुणी भेटला तर फी गेली तर जाऊ दे, दुसरा बघ.

आणि ॲपवरून कर्ज काढलं असशील तर ते आधी फेड, सोन्याचं नंतर बघू.