जिनिंग कारखान्यातील केबलचे आवरण आग आणि ओल दोन्हींना टिकेल असे कसे करावे?
जळगाव-धुळ्याकडील जिनिंगमध्ये उडणारा कापूस आणि पावसाळ्यात पाण्याने भरणारे केबलचे चर पाहता, एकाच थरावर सारी भिस्त ठेवू नये. आग रोखण्यासाठी प्लास्टिकमध्ये मिसळलेले ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड सुमारे २०० अंश सेल्सिअसपुढे विघटित होऊन वाफ सोडते व ज्वाला मंदावते. परंतु ही पूड भरपूर घातल्यास आवरण ओलावा शोषू लागते आणि त्याचा विद्युतरोध घटतो. म्हणून तारेलगत ९० अंशांपर्यंत चालणारे क्रॉसलिंक्ड पॉलिइथिलीन (रेणू एकमेकांना जोडून उष्णतेला टिकाऊ केलेले प्लास्टिक) आणि बाहेर ज्वालारोधक, कमी धुराचे आवरण ही रचना मला योग्य वाटते. आगीतही अग्निशमन पंप चालू राहायला हवा असेल, तर तांब्यावर आधी न जळणाऱ्या अभ्रकाची पट्टी गुंडाळलेली असावी. टोके आणि सांधे मात्र नीट बंद करावेत, कारण पाणी बहुधा तिथूनच शिरते.